कोल्हापुरातून घेतलेली जुनी गाडी तापते, डीलर इंजिन उघडतो म्हणतो. देऊ का?

मलप्रभाकाठ
नमस्कार. मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडं राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. पावसाळ्यात आमच्याकडं बसचा भरवसा नसतो, म्हणून कोल्हापूरच्या एका डीलरकडून २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, ४ लाख ३५ हजारांना. पैसे चेकनं दिलेत, पावती आहे. वॉरंटी कार्डावर 'इंजिन व गिअरबॉक्स, ६ महिने' असं छापलंय आणि खाली शिक्का आहे. पासिंग एमएच-०९ चं. गाडी अजून नावावर झालेली नाही, आरटीओचं ना-हरकत पत्र, म्हणजे एनओसी, 'येते आहे'.

सपाट रस्त्यावर गाडी गुणाची. वंटमुरीचा घाट चढायला लागली की काटा सरळ लाल रेषेकडं जातो. कूलंटच्या बाटलीतलं पाणी कमी होतं, पण गाडीखाली थेंब दिसत नाही. ऑइल भरायच्या टोपणाला आतून दुधाळ फेस लागलाय. डीलरनं आधी कूलंट भरून परत पाठवली. आता म्हणतो, गाडी सोडून जा, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडतो, पण निम्मा खर्च तुमचा, कारण ही 'वेअर अँड टिअर' आहे. मी कार्ड दाखवलं तर म्हणाला, "तक्रार करायची तर कोल्हापूरच्या कोर्टात या बाई, तुमचं बेळगाव कर्नाटकात." शाळा सोडून मी सारखी कोल्हापूरला कशी जाणार? वडिलांना दवाखान्याला न्यायची म्हणून घेतलेली गाडी दारात उभी आहे. पुढं काय करू, सांगा.

उद्यमबाग_फिटर
ताई, गाडी त्याच्या ताब्यात देऊ नका अजून. हेड एकदा खोललं की आधी काय होतं ते कुणाला दाखवता येत नाही बघा. पहिल्यांदा कागद करा, मग पाना लावू दे.

टोपणावरच्या फेसावरनं लगेच गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पातळ सील, गेलं म्हणू नका. जांबोटीकडं हवेत ओल किती असतीय, त्यात गाडी घर ते शाळा एवढीच पळत असेल तर चांगल्या इंजिनालाबी तिथं फेस धरतो. डिपस्टिक ओढून बघा. तिच्यावरचं ऑइलबी दुधाळ असलं तर मात्र पाणी आत उतरलंय. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर पांढरा धूर बराच वेळ राहतो काय तेबी बघा.

खरी परीक्षा प्रेशर टेस्टची. इंजिन गार असताना रेडिएटरच्या तोंडाला पंप लावतात, कॅपवर लिहिलेला दाब देतात आणि काटा बघत थांबतात. बाहेर कुठं गळती नाही आणि काटा खाली येतोय, म्हणजे पाणी आत चाललंय. मीटरचा फोटो काढा, तारीख आणि किलोमीटर घालून गॅरेजच्या लेटरहेडवर लिहून घ्या. गरम गाडीची कॅप कुणालाबी उघडू देऊ नका, हात भाजतो.

आणि एक सांगा. चावी फिरवल्या फिरवल्या, इंजिन गार असताना, एसी बंद ठेवून रेडिएटरचा फॅन फिरतो काय?

मलप्रभाकाठ
हो! रोज फिरतो. मला वाटलं तसाच असतो.

उद्यमबाग_फिटर
तसा नसतोय ताई. पाणी तापलं की सेन्सर फॅनला हुकूम देतो, तोवर तो गप्प असतो. कुणीतरी फॅन डायरेक्ट केलाय. थर्मोस्टॅटबी, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, काढून टाकला असेल. असं केलं की सपाटीवर काटा वर येत नाही, ट्रायल देताना गिऱ्हाईक खूश. घाटात लोड पडला की उघडं पडतं. हे झिजून होत नाही, हातानं वायर जोडावी लागते. जोड कुठं केलाय त्याचा फोटो आधी काढा, मग दुसरं सगळं.

तोवर चढावर नेऊ नका. हेड ॲल्युमिनियमचं असतंय, तापून वाकलं की नुसतं गॅस्केट घालून भागत नाही, फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, द्यावं लागतंय.

निपाणीकर
बाईंना तो कोल्हापूरला या म्हणाला ते वाचून राग आला. सीमेवर राहणाऱ्या माणसाला हे नेहमी ऐकवलं जातं आणि माणूस गप्प बसतो. मीही एका मशिनरीवाल्याविरुद्ध गेलोय, म्हणून सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं तक्रार करता येते. म्हणजे बेळगावात. डीलर कोल्हापूरचा असला तरी यायचं त्यानं.

५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलच पाहिजे असंही नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. पण आधी नोटीस पाठवा, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. त्यात तीनच गोष्टी ठेवा: कार्डावर काय लिहिलंय, टेस्टमध्ये काय निघालं, फॅन कसा जोडलाय. राग कितीही असला तरी त्यात शिव्या नकोत. कार्ड मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत लावा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर तीही पुढं दाखवायला होते.

शहापूरचा_पोरगा
मॅडम, नावावर करायचं राहिलंय त्याकडं आधी बघा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, फॉर्म २९बी. मूळ मालकानं त्याला गाडी दिल्याची सूचना आरटीओला दिली असेल तर एनओसीचा अर्ज तो स्वतः करू शकतो. त्या अधिकारपत्राची प्रत मागा, टाळाटाळ केली तर तेही नोटिशीत लिहा. इकडं १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंग, करावीच लागेल, रोड टॅक्स इथं भरावा लागेल. इन्शुरन्स कंपनीला पण कळवा. जुन्या मालकाच्या नावावर पॉलिसी राहिली आणि गाडी ठोकली तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. बेळगावात टेस्ट करून घेतली. काटा खाली आला, बाहेर थेंब नाही. थर्मोस्टॅटची जागा रिकामी, फॅनची वायर रिलेला (फॅन चालू-बंद करणाऱ्या स्विचला) वळसा घालून थेट जोडलेली. सगळं लेटरहेडवर आहे. नोटीस पोचल्यावर डीलरचा स्वतःहून फोन आला, सगळा खर्च आपला म्हणाला, गाडी न्यायला माणूस पाठवतो. फक्त आधी एका कागदावर सही मागतोय, 'माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही' अशी. करू का?

निपाणीकर
अजिबात नको. गाडी द्या, पण देताना किलोमीटर, पेट्रोल आणि कामाची यादी लिहून त्याच्या माणसाची सही घ्या. नवा थर्मोस्टॅट, फॅनचं वायरिंग आणि हेड फेसिंगचं बिल यादीत पाहिजेच. परत आली की एसी लावून वंटमुरी चढा, दुसऱ्या दिवशी गार इंजिनात पाणी बघा. मग सही. आणि एनओसी हातात आल्याशिवाय तीही नाही.

उद्यमबाग_फिटर
बरोबर. बदललेलं जुनं गॅस्केट परत मागून घ्या ताई, डिकीत टाकून द्या म्हणावं.