रोझेशिया: गालांची लाली आणि आग, अनुभव लिहा

रातराणी
काल कुणीतरी "गालावरची उष्णता जातच नाही" असं लिहिलं होतं. वाचून अशा उष्णतेवर सब्जा, गुलकंद, चंदन असे घरगुती उपाय सांगतात ते आठवलं, म्हणून धागा काढला. गाल-नाकावर लाली, पुटकुळ्या, आग, पण ब्लॅकहेड एकही नाही, असं असेल तर तो रोझेशिया, म्हणजे चेहऱ्याच्या त्वचेचा एक जुनाट आजार असू शकतो, मुरुमांचं क्रीम चोळू नका. सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही. पारदर्शक काच हलकेच दाबून बघा: लाली फिकी पडते, वांगाचा डाग तसाच राहतो.

करवंद
आधी घरातली ट्यूब उलटून घटक वाचा!! बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही असेल तर ते स्टेरॉइड. गोरेपणाच्या तिहेरी (तीन औषधं एकत्र असलेल्या) क्रीममध्येही बऱ्याचदा मोमेटासोन असतं. सुरुवातीला चेहरा छान दिसतो, मग कातडी पातळ होते आणि लावलं नाही की भडका. लोक घाबरून परत लावतात, तिथेच अडकतात. कसं सोडायचं ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच.

निळी_छत्री
+१. पुटकुळ्यांसाठी डॉक्टर बहुधा मेट्रोनिडाझोल ०.७५% जेल, आयव्हरमेक्टिन १% क्रीम किंवा अॅझेलाइक अॅसिड १५% देतात. फरक कळायला ८ ते १२ आठवडे. दोन आठवड्यांत ट्यूब बदलू नका प्लीज. अॅझेलाइक चुरचुरतं, आधी साधं मॉइश्चरायझर लावून वर वाटाण्याएवढं घ्या.

पाटावरवंटा
कुकर उतरला, नंतर लिहिते म्हटलं तर राहून जाईल. फोडणीची धग आणि वाफ दोन्ही वाईट. झाकण उघडताना तोंड बाजूला. सर्दीला वाफारा घेतला तरी गाल पेटतात. चहा सोडायची गरज नाही, कोमट करून प्या. लिंबू, तुरटी, बेसनाचं उटणं चेहऱ्यापासून लांब.

रातराणी
@पाटावरवंटा, मिरचीचं काय?

पाटावरवंटा
सगळ्यांना बाधत नाही गं. काय खाल्लं, ऊन किती, लाली कधी आली, एवढं वहीत टिपायचं. उगाच सगळा ठेचा कशाला बंद!

समईची_वात
डोळ्यांकडे दुर्लक्ष नको. खुपणं, पापण्यांच्या कडा लाल, सारखी रांजणवाडी, हेही रोझेशियाचंच असू शकतं. मिटलेल्या डोळ्यांवर ५-१० मिनिटं कोमट ओली घडी, मग कडा हलक्या हाताने पुसायच्या. गालांवर मात्र शेक नको. उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल तर लगेच नेत्रतज्ज्ञ.

निळी_छत्री
डॉक्सिसायक्लिन (पोटात घ्यायचं अँटिबायोटिक) दिलं असेल तर भरपूर पाण्याबरोबर, आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका भाजते. गरोदरपणी चालत नाही, डॉक्टरांना आधीच सांगा. ते चालू असताना त्वचा उन्हाने लवकर भाजते.

करवंद
सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० च्या वर, दोन बोटं भरून. पांढरट दिसतं म्हणून कमी लावलं की उपयोग नाही. टिंट (त्वचेसारखा हलका रंग) असलेलं घ्या.

गुलबक्षी
स्कूटरवर स्कार्फ बांधला की अजून आग होते, काय करू?

पाटावरवंटा
सिंथेटिक असेल बाई. सुती मलमल घे, सैल बांध, धुताना सुवासिक सॉफ्टनर नको.

गुलबक्षी
मलमल कुठे मिळते चांगली? डोंबिवलीत सांगा कुणीतरी