लेग प्रेसनंतर कंबर धरते, चूक कुठे होतेय?

सकाळची_बॅच: 45 अंशांच्या लेग प्रेसवर प्लेट्स मिळून 120 किलो, 10 रेप्सचे 4 सेट. गुडघे छातीला टेकेपर्यंत खाली घेतो. गुडघे ठीक आहेत, पण तिसऱ्या सेटपासून कंबर आवळून येते. पावलं वर ठेवली तर फरक पडेल का?

फिजिओ_ठाणे: पावलं वर नेऊ नका, त्याने खुबा आणखी वाकेल. दुखण्याचं मूळ खोलीत आहे. खुब्याचा सांधा ठरावीक मर्यादेपर्यंतच वाकतो. त्यापुढे गाडी (पायांनी ढकलायचा, प्लेट्स लावलेला सरकता भाग) खाली आणली की माकडहाड गादीवरून सुटतं, कंबर गोल होते आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर नेमका त्याच अवस्थेत भार येतो.

रिकाम्या गाडीवर बाजूने मोबाइल लावून शूट करा. माकडहाड जिथे सुटायला लागतं, त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर आधी थांबायचं. बहुतेकांचा गुडघा तिथे काटकोनाच्या आसपास असतो. छातीला टेकलाच पाहिजे असा काही नियम नाही. सेफ्टी स्टॉपही (गाडीला खाली अडवणारा अडसर) त्या जागेच्या लगेच खालच्या खाचेत लावा.

तालीम_ते_जिम: पाठीची गादी एक-दोन खाचा मागे घेऊन पाहा, खुब्याला जागा मिळते. पावलं प्लॅटफॉर्मच्या मध्यावर, एकमेकांपासून खांद्यांच्या रुंदीइतकी लांब, चवडे थोडे बाहेर. म्हणजे मांड्या पोटावर न येता बाजूने जातात. पोट सुटलेल्यांना याचा विशेष उपयोग. पावलं फार खाली घेतली तर टाचा उचलतात आणि गुडघ्यावर ताण वाढतो.

वर ढकलताना गुडघे झटक्याने लॉक करू नका, किंचित वाकलेले ठेवा. हात मांड्यांवर नकोत, बाजूची हँडल धरा. ती खाली ओढून धरली की बूड गादीला चिकटून राहतं.

सकाळची_बॅच: मग वजन तेवढंच ठेवू?

फिजिओ_ठाणे: नाही. दोन आठवडे 60-70 किलो, खाली यायला तीन सेकंद. आकड्यात अडकू नका. गाडीचं वजन त्यात धरलेलं नसतं, आणि 45 अंशांच्या उतारावर घर्षण सोडलं तर एकूण वजनाच्या सुमारे 71 टक्केच जोर लागतो. स्क्वॉटशी तुलना होत नाही.

कळ पायात उतरली किंवा मुंग्या आल्या तर व्यायाम बंद करून डॉक्टरांना दाखवा. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.