कोलंबस डेची सुट्टी मला मिळते, पण ती नेमकी कशाची?

रात्रपाळी_मालाड

मालाडच्या माइंडस्पेसमध्ये एका अमेरिकन बँकेचं काम करणाऱ्या कंपनीत मी अकरा वर्षं आहे. आमच्या सुट्ट्या न्यूयॉर्कच्या हिशेबाने असतात. गौरी-गणपतीला रजा टाकावी लागते, ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी मात्र आमचा विभाग आपोआप बंद. आम्ही अमेरिकन सरकारी रोख्यांची सेटलमेंट करतो. त्या दिवशी फेडरल रिझर्व्ह बंद, रोखेबाजार बंद, म्हणून आम्हीही बंद. शेअरबाजार चालू असतो, त्यामुळे पलीकडच्या रांगेतली शेअरवाली मंडळी त्याच दिवशी डबे घेऊन कामावर येतात.

इतकी वर्षं मी या सुट्टीत घरातली जळमटं काढली, भाजणीचं धान्य धुऊन पंख्याखाली वाळत घातलं. सुट्टी कशाची हे कधी विचारलं नाही. यंदा आमच्या बॉस्टनच्या ऑफिसमधल्या बाईंचा मेल आला, त्यात 'इंडिजिनस पीपल्स डे'निमित्त, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या दिवसानिमित्त, 'सोमवारी बंद' असं होतं. आमच्या सॉफ्टबोर्डावरच्या छापील यादीत 'कोलंबस डे'. मी यादीत त्यापुढे पेनने दुसरं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर कोणीतरी ते गिरवून गिरवून खोडलेलं. मुंबईतल्या ऑफिसात, जिथे आमच्यापैकी कोणाचाच या भांडणाशी संबंध नाही! तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

घरी सांगितलं तर आठवीतली लेक म्हणाली, "आई, तो आपल्याकडे यायला निघाला होता ना? मग तिकडच्यांनी त्याची सुट्टी का ठेवली?" मला उत्तर देता आलं नाही. कोलंबस आजच्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवर कधी उतरलाही नव्हता असं वाचलं. मग त्याच्या नावाची राष्ट्रीय सुट्टी झाली कशी? आणि भांडण कोणाचं कोणाशी आहे? कोणी नीट सांगेल का?

निवृत्त_मास्तर_दादर

ताई, लेकीला शाबासकी द्या. तो खरोखरच आशियाकडे निघाला होता. ३ ऑगस्ट १४९२ रोजी स्पेनच्या पालोस बंदरातून तीन जहाजं निघाली, तेव्हा त्याच्याजवळ पूर्वेच्या 'महान खाना'साठी राजाराणीचं पत्र होतं आणि सोबत अरबी जाणणारा दुभाष्या. १२ ऑक्टोबरला जमीन लागली ती बहामातल्या एका बेटाची. तिथले लोक त्या बेटाला ग्वानाहानी म्हणत. त्याने नाव दिलं सान साल्वादोर आणि माणसांना नाव दिलं 'इंडियन'. मी तीस वर्षं वर्गात 'रेड इंडियन' शिकवलं. त्या शब्दाची आज मला लाज वाटते.

आता मूळ मुद्दा. दुसऱ्या सफरीत १७ जहाजं होती आणि त्यांचा रोख वसाहतीवर होता. हिस्पानिओला बेटावर, म्हणजे आजच्या हैती आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये, सोन्याच्या खाणींच्या मुलखातल्या चौदा वर्षांवरच्या प्रत्येक ताइनो (त्या बेटांवरचे मूळ रहिवासी) माणसाने दर तीन महिन्यांनी शिकारी ससाण्याच्या पायात बांधतात तेवढं एक घुंगरू भरून सोन्याची पूड द्यायची, असा कर बसवला. घुंगरू लहानच, पण बेटावर तेवढंही सोनं नव्हतं. माणसं नद्यांची वाळू चाळत राहिली आणि त्यांची शेतं ओस पडली. १४९५ मध्ये पाचशेच्या वर ताइनो गुलाम म्हणून जहाजांत भरून स्पेनला पाठवले. त्यातले सुमारे दोनशे वाटेतच मेले. पुढे सक्तीची मजुरी, उपासमार आणि १५१८ ची देवीची साथ. पन्नास वर्षांत बेटावरचा समाज जवळजवळ पुसला गेला.

"त्या काळाचे निकष वेगळे होते" असं कोणीतरी इथे लिहीलच, म्हणून आधीच सांगतो. त्या काळच्या माणसांनाही हे खटकलं होतं. १५०० मध्ये स्पेनच्या राजाराणीनेच पाठवलेल्या बोबादिया नावाच्या अधिकाऱ्याने कोलंबसला बेड्या घालून परत पाठवलं, आणि त्याच्या कारभाराविरुद्ध साक्षी दिल्या त्या तिथल्या स्पॅनिश लोकांनी. लास कासास हा स्पॅनिश पाद्री तर पुढे आयुष्यभर तिथल्या मूळ रहिवाशांसाठी भांडला.

मुलुंड_व्हाया_न्यूजर्सी

मास्तरांचं सगळं बरोबर आहे, पण सुट्टीचा इतिहास त्यात आला नाही. मी न्यू जर्सीत चौदा वर्षं राहिले. शेजारी सत्तरीच्या इटालियन आजी होत्या. त्यांच्या दिवाणखान्यात वडिलांचा फोटो होता, कोलंबस डेच्या मिरवणुकीतला, छातीवर पट्टा, हातात निशाण. त्यांच्यासाठी तो दिवस कोलंबसापेक्षा वडिलांचा होता.

१४ मार्च १८९१ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने तुरुंग फोडून ११ इटालियनांना ठार केलं. पोलीसप्रमुखाच्या खुनाचा आरोप होता, पण त्यांच्यापैकी एकावरही गुन्हा शाबीत झालेला नव्हता. इटलीशी संबंध इतके बिघडले की अमेरिकेला भरपाई द्यावी लागली. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी कोलंबसाच्या चारशे वर्षांचा दिवस साजरा करायला सांगितलं. ज्या समाजाला घाणेरडा, गुन्हेगार, कॅथलिक म्हणून हिणवलं जात होतं, त्याला 'या देशाची सुरुवात आमच्या माणसाने केली' असं म्हणता येऊ लागलं. त्याच चारशे वर्षांचं प्रदर्शन १८९३ मध्ये शिकागोला भरलं आणि त्याला जोडून सर्वधर्म परिषद झाली. विवेकानंद ३१ मे १८९३ ला आपल्या मुंबईहूनच बोटीने निघाले ते तिथे पोचायला.

मग १९०७ मध्ये कोलोरॅडो राज्याने सुट्टी दिली. १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी जाहीरनामा काढावा असं ठरलं, १९६८ च्या कायद्याने ती केंद्राची सुट्टी झाली आणि १९७१ पासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या सहा लाख इटालियनांवर 'शत्रुदेशाचे नागरिक' असा शिक्का होता. तो काढल्याची घोषणा सरकारने १९४२ च्या कोलंबस डेलाच केली. आजींचे वडील त्या सहा लाखांत होते. म्हणून सांगते, कोलंबसाचा पुतळा पाडताना टाळ्या वाजवणं मला जमत नाही. फिलाडेल्फियातला त्याचा पुतळा २०२० पासून दोन वर्षांहून जास्त प्लायवूडच्या खोक्यात होता, शेवटी कोर्टाच्या आदेशाने खोका निघाला. खोका निघाल्याचा फोटो पाहून आजी फोनवर रडल्या होत्या.

रात्रपाळी_मालाड

मुलुंडताई, न्यू ऑर्लिन्सचं मला काहीच ठाऊक नव्हतं. वाचून अंगावर काटा आला. पण एक विचारू? मान त्या अकरा जणांना हवा होता, मिरवणुकीतल्या वडिलांना हवा होता. त्यांच्या नावाने दिवस का नाही? एका अन्यायावरचं मलम दुसऱ्या अन्याय करणाऱ्याच्या नावाने का लावायचं? मी हे भांडायला म्हणून लिहीत नाहीये, मला खरंच कळत नाहीये.

वसईचा_कुपारी

ताई, तुमचा प्रश्न मला घरचा वाटला म्हणून लिहितो. मी वसईचा ख्रिस्ती. घरात सामवेदी ही आमची बोली बोलतो. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती, आमचे पूर्वज त्याच काळात ख्रिस्ती झाले. माझी प्रार्थना त्या इतिहासातून आली आहे आणि ती मला प्रिय आहे. पण म्हणून वास्को द गामाच्या नावाने सुट्टी मागावी असं आमच्या गावात मी कधी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. १५०२ मध्ये त्याने मलबारच्या किनाऱ्याजवळ यात्रेकरूंचं जहाज बायकापोरांसकट जाळलं. १९९८ मध्ये त्याच्या आगमनाला पाचशे वर्षं झाली, तेव्हा उत्सवाच्या कल्पनेलाच आपल्याकडे विरोध झाला.

गोव्यात वास्को नावाचं शहर आहे, ते राहू दे. वसईच्या किल्ल्यात पडक्या चर्चच्या भिंती आहेत आणि चिमाजी अप्पांचं स्मारकही आहे. आमच्या चर्चमधल्या घंटा भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगलेल्या आहेत. मी भीमाशंकरची घंटा हात लावून पाहिली आहे, थंडगार आणि जड. ती परत द्या असं मला वाटलं नाही. जे घडून गेलं त्याच्या खुणा असणारच. सुट्टीचं तसं नाही. सुट्टी म्हणजे दरवर्षी नव्याने केलेला सत्कार, आणि सत्कार कोणाचा करायचा हे जिवंत माणसं ठरवतात.

तिकडच्या मूळ रहिवाशांनी तेच केलं. १९७७ मध्ये जिनिव्हात मूळ रहिवाशांच्या प्रश्नांवर भरलेल्या परिषदेत हा दिवस बदलण्याची मागणी झाली, १९९० मध्ये साउथ डकोटा राज्याने नाव बदललं, १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने. २०२१ मध्ये बायडेन यांनी कोलंबस डेच्या जोडीने मूळ रहिवाशांच्या दिवसाचाही जाहीरनामा काढला, २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा एकट्या कोलंबसाचा गौरव केला. केंद्राच्या कायद्यात नाव आजही कोलंबस डेच आहे. तुमची छापील यादी कायद्यावरून आलेली, बॉस्टनच्या बाईंचा मेल त्यांच्या मनातून आलेला.

निवृत्त_मास्तर_दादर

लेकीसाठी आणखी एक. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला, हे बहुतेकांना माहीत असतं. पण पोर्तुगीजांकडे तो आला ताइनो भाषेतून. ते रताळ्याला 'बटाटा' म्हणत. मिरचीही तिकडचीच, कोरड्या चटणीतला शेंगदाणाही तिकडचाच. ज्यांच्या सोन्यासाठी घुंगरू मोजलं गेलं, त्यांचा शब्द या शहरात रोज लाखो लोक उच्चारतात.

रात्रपाळी_मालाड

मास्तर, तुमचा प्रतिसाद लेकीला मोठ्याने वाचून दाखवला. काल संध्याकाळी मालाड स्टेशनबाहेरच्या गाडीवर ती नेहमीसारखं "दोन वडापाव" म्हणाली नाही. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "काका, दोन ब-टा-टे-वडे, पाव वेगळा." कढईतून नुकता काढलेला वडा, हात भाजत होता तरी तिने तो मधोमध फोडला आणि आतलं पिवळं सारण बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "त्यांच्यातलं कोणी उरलंय का, आई?" मी म्हटलं, पोर्तो रिको आणि आसपासच्या बेटांवर स्वतःला ताइनो म्हणवणारे लोक आहेत, आणि ते आपला शब्द परत शिकतायत.

कुपारीदादा, सत्काराचं तुमचं वाक्य मी मुलुंडताईंच्या आजींनाही सांगेन म्हणते, ताईंची हरकत नसेल तर. त्या अकरा जणांची नावं मी शोधून वहीत उतरवली आहेत.

आज ऑफिसात यादीवर दोन्ही नावं पुन्हा लिहिली, या वेळी जाड मार्करने, आणि खाली माझं नाव घातलं. ज्याला खोडायचं असेल त्याने माझ्याशी येऊन बोलावं.