मदत हवी आहे: कॉलेज फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाची सर्वांत चांगली जागा कोणती?

अमेरिकन कॉलेज फुटबॉल नेमाने बघणारे कुणी आहेत का इथे? मुख्य प्रशिक्षकाला जॉर्जिया, टेक्सस, अलाबामा की ओहायो स्टेट, यांपैकी कुठल्या विद्यापीठाची जागा जास्त हवीशी वाटावी? माझं मत जॉर्जियाला. राज्यातच हायस्कूलचे दर्जेदार खेळाडू ढिगाने मिळतात. अलाबामात प्रशिक्षक निक सेबन यांनी ६ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, त्यामुळे नंतर आलेल्या कॅलन डीबोर यांची प्रत्येक हार त्यांच्याशीच ताडली जाते. ओहायो स्टेटचं तर विचारूच नका. नोव्हेंबर २०२४मध्ये त्यांचे प्रशिक्षक रायन डे कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनकडून घरच्या मैदानावर १०-१३ने हरले, लगेच ‘काढा यांना’ सुरू. जानेवारीत त्याच संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं! टेक्ससकडे पैसा मुबलक, पण देणगीदारांची लुडबुड कितपत चालते? आणि आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, मग राज्यातच खेळाडू मिळण्याचा जॉर्जियाला होणारा फायदा उरतो का? कारणांसकट सांगा, प्लीज.