लोड वाढला की मॉनिटरिंगच लोड वाढवतं, हे चक्र कुठे तोडायचं?

प्रश्न: २०० नोडचा (सर्व्हरचा) क्लस्टर, प्रत्येक नोडवर एजंट, म्हणजे मॉनिटरिंगचा छोटा प्रोग्रॅम. सीपीयू ७० टक्क्यांवर गेला की एजंट ६० ऐवजी दर ५ सेकंदांनी आकडे घेतो, वर डीबग इव्हेंटही पाठवतो. त्यामुळेच सीपीयू खाली येत नाही आणि ऑटोस्केलर (लोडनुसार नोडची संख्या आपोआप बदलणारी यंत्रणा) नवे नोड उभे करत राहतो. थ्रेशोल्ड ८० केला, तरी तेच.

उत्तर १: थ्रेशोल्ड हलवून हे सुटणार नाही, कारण एजंटचा स्वतःचा खर्च हिशेबातच नाही. आधी त्याला वेगळ्या सीग्रुपमध्ये टाका (सीग्रुप म्हणजे लिनक्समध्ये प्रोसेसच्या गटाला संसाधनांची मर्यादा घालायची सोय). सीग्रुप व्ही२ असेल तर सीपीयू.मॅक्स (cpu.max) फाइलमध्ये "५००० १०००००" लिहा, म्हणजे एका कोअरचे ५ टक्के. इंटरव्हल बदलायच्या निर्णयासाठी फक्त अ‍ॅप्लिकेशनच्या सीग्रुपचा सीपीयू वापरा. वेग वाढवायला ७५ टक्के, कमी करायला ६० टक्के असे दोन थ्रेशोल्ड ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन मिनिटं थांबा. ६० सेकंदांवरून थेट ५ वर उडी नको. ३०, मग १५.

एक धोका मात्र आहे. एजंटला लगाम घातला की त्याचा रिंग बफर (ठरावीक आकाराची तात्पुरती साठवण) भरतो आणि इव्हेंट गळतात. किती गळले याचा काउंटर न चुकता पाठवा, नाहीतर आजारी नोड शांत दिसतो आणि शांत म्हणजे ठणठणीत असं सिस्टिम धरून चालते.

उत्तर २: आकडे साठवायला प्रोमिथियस (मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर) असेल तर त्याच्या क्वेरीही तपासा. वाढीचा वेग काढणाऱ्या रेट फंक्शनला विंडोमध्ये, म्हणजे तपासायच्या कालावधीत, किमान दोन सॅम्पल लागतात. ५ सेकंदांवर चाललेली १ मिनिटाची विंडो इंटरव्हल ६० झाला की रिकामी येते आणि अलर्ट गप्प बसतो. सर्वांत संथ इंटरव्हलच्या चौपट, म्हणजे ४ मिनिटं ठेवा.

उत्तर ३: हार्टबीटला, म्हणजे नोड जिवंत असल्याच्या नियमित संदेशाला, या सगळ्यातून बाहेर काढा. तो आकड्यांसोबतच जात असेल, तर इंटरव्हल वाढताच फेल्युअर डिटेक्टर धडधाकट नोडला मेलेला ठरवेल. फाय-अक्रुअल डिटेक्टर (संशयाची पातळी मोजणारा प्रकार) हाही मागच्या हार्टबीटमधल्या अंतरांवरूनच अंदाज बांधतो, त्यामुळे अचानक वाढलेलं अंतर त्यालाही संशयास्पद वाटतं. शिवाय इंटरव्हलमध्ये १०-२० टक्के जिटर, म्हणजे यादृच्छिक फरक, घाला. २०० एजंट एकाच क्षणी कलेक्टरवर (सगळ्यांचे आकडे गोळा करणाऱ्या सर्व्हरवर) तुटून पडायला नकोत.

प्रश्नकर्ता: आणि नवे नोड सुरू होताना येणारा इव्हेंटचा लोंढा?

उत्तर १: पहिली काही मिनिटं एरर सोडून बाकी सगळं लोकल डिस्कवर ठेवा, वर फक्त प्रकारानुसार संख्या पाठवा. ऑटोस्केलरला सीपीयूऐवजी प्रलंबित कामांच्या रांगेची लांबी द्या.