ऑरेंज अलर्टला कोरडं, यलोला सीटपर्यंत पाणी – गाड्या कधी हलवायच्या?

सानपाड्याचा सेक्रेटरी:
आमची सोसायटी खाडीच्या बाजूला. मागच्या पावसाळ्यात ऑरेंज अलर्ट पाहून मी रात्री अकराला सगळ्यांना उठवलं, २२ गाड्या पुलावर नेऊन लावल्या. पार्किंगमध्ये टिपूस नाही. दहा दिवसांनी यलो होता, निवांत ऑफिसला गेलो. दुपारी अडीचला वॉचमनचा फोन, स्कूटर सीटपर्यंत बुडाल्यात! गच्चीवर पर्जन्यमापक आहे माझा (शेजारच्या काकू त्याला दुधाचं माप म्हणतात). ऑरेंजला १३१ मिमी, यलोला ९०. कमी पावसात जास्त पाणी कसं?

गटारवाला इंजिनिअर (निवृत्त):
अलर्ट अख्ख्या जिल्ह्याचा आणि २४ तासांचा. गटाराला दिवसाशी देणंघेणं नाही, त्याला तासात किती आलं ते कळतं. १३१ दिवसभर रिपरिपले असतील. आता बघा, १० हेक्टरवर तासात ५० मिमी कोसळला आणि काँक्रीटवरून त्यातला ८० टक्के वाहिला, तर ४,००० घनमीटर. दहा हजार लिटरचे ४०० टँकर, एका तासात, तुमच्या गल्लीत. माप सकाळी एकदाच वाचता ना? जोर असेल तेव्हा दर पंधरा मिनिटांनी वाचा.

दिवाळ्याचा कोळी:
तिथी काय होती ते आधी सांगा.

सानपाड्याचा सेक्रेटरी:
कालनिर्णय काढलं. ऑरेंजला अष्टमी, यलोला तृतीया.

दिवाळ्याचा कोळी:
मग झालं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तीनाची पाऊणपट सव्वादोन, वर उधाण. अष्टमीची भरती मेलेली.

गटारवाला इंजिनिअर (निवृत्त):
बरोबर बोललात दादा, मी मुद्द्याचंच विसरलो. खाडीचं पाणी चढलं की धारण तलावाची, म्हणजे गटारांचं पाणी खाडीआधी साठवणाऱ्या तलावाची, झडपं आपोआप मिटतात. ओहोटीपर्यंत पाऊस तलावात थांबायचा, पण तलावात गाळ आणि खारफुटी. मग तो गटारातच तुंबतो. म्हणून अलर्टआधी भरतीचं वेळापत्रक बघा, आणि भरतीच्या आसपासच्या तीन तासांत हवामान खात्याच्या कुलाबा-वेरावलीच्या रडारवर ढग दिसले तर गाड्या काढा. रडारचा भरवसा दोन-तीन तासच, पण तुम्हाला तेवढे पुरेत.

सानपाड्याचा सेक्रेटरी:
आषाढातले उधाणाचे दिवस लाल शाईने गोल केलेत. त्यात अमावस्या, म्हणजे गटारी! त्या दिवशी गाड्या हलवायला शुद्धीत कोण असणार?