‘डिमाइझ’ म्हणजे मरण? मग गाळ्याच्या भाडेपट्ट्यात तो काय करतोय?

तळमजला:
आमच्या सोसायटीच्या फलकावर गेल्या आठवड्यात खजिनदारांनी इंग्रजीत सूचना लावली. दुसऱ्या मजल्यावरचे काका गेले, त्यांच्या ‘सॅड डिमाइझ’बद्दल कळवताना अत्यंत दुःख होते, वगैरे. त्याच आठवड्यात बहिणीच्या दवाखान्यासाठी बघितलेल्या गाळ्याच्या भाडेपट्ट्याचा मसुदा आला. पहिल्याच पानावर ‘डिमाइझ्ड प्रिमायसेस’. आई चष्मा लावून वाचत होती. म्हणाली, "अरे, या जागेत कुणी गेलंय का? आधी विचारून घे, आपल्याला तिथे दवाखाना उघडायचाय."

हसलो, पण शंका जाईना म्हणून शोधत बसलो. लॅटिन क्रियापद ‘दिमित्तेरे’, म्हणजे दूर धाडणं, सोडून देणं. ‘डिसमिस’ही त्यातलाच. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्लंडच्या कोर्टकचेरीत आला आणि पंधराव्या शतकात इंग्रजी दस्तांत रुळला तो मिळकत दुसऱ्याच्या हवाली करणं या अर्थाने. पट्ट्याने द्या नाहीतर मृत्युपत्राने, दोन्ही डिमाइझच. देणारा जिवंत आहे की मेला, याच्याशी शब्दाला कर्तव्य नव्हतं.

मरण त्यात शिरलं ते राजवाड्यातून. इंग्रजी कायद्यात गादी क्षणभरही रिकामी राहत नाही. विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने १७६५ साली लिहून ठेवलंय की राजा कधी मरत नाही. हेन्री, एडवर्ड, जॉर्ज मरतील, राजा त्या सगळ्यांना पुरून उरतो. (‘पुरून उरणं’ इथे किती चपखल बसतं बघा.) राजा मेला म्हणायलाही कायदा कचरतो, म्हणून ‘डिमाइझ ऑफ द क्राउन’, मुकुट पुढच्याच्या हवाली झाला. अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हाच राजाचा अंगरखा साध्या माणसांच्या मरणावर चढवला गेला.

पुरावा हवा तर १९३६ घ्या. आठव्या एडवर्डने गादी सोडली तेव्हाच्या कायद्यात स्पष्ट म्हटलंय की मुकुटाचा डिमाइझ होईल. माणूस ठणठणीत! त्यानंतर ३५ वर्षं जगला, १९७२ मध्ये पॅरिसला वारला.

तर माझं म्हणणं असं की मृत्यूच्या सूचनेत हा शब्द नकोच. काका गेले. सरळ ‘गेले’ लिहा, इंग्रजीच हवं तर ‘डाइड’ लिहा. मृत्यूला मालमत्तेच्या दस्तातला शब्द कशाला?

शब्दखोर:
माहिती छान, निष्कर्ष साफ चुकीचा. शब्दाचं माहेर कुठलं यावरून त्याने सासरी काय करायचं ते ठरत नाही. स्मृतिग्रंथांत ‘साहस’ म्हणजे जबरदस्तीचा गुन्हा, लूटमार, मारहाण. आज मुलांना साहस शिबिराला पाठवताना आपण पोलिसांना कळवतो का? ‘राजीनामा’ मुळात राजी असल्याचा, संमतीचा कागद. आता नोकरीवर लाथ मारणाराही राजीनामाच देतो.

आणि ‘देहावसान’ चालतं ना तुम्हाला? अवसान म्हणजे मुळात घोडे सोडण्याची, विसाव्याची जागा. बातमीत देहावसान वाचून तबेला आठवत नाही कुणाला. अडीचशेहून जास्त वर्षं इंग्रज डिमाइझ हा शब्द मरणासाठी वापरतायत. पुरे झालं की!

टोपीवाला_बाबू:
शब्दखोर +१. बाकी ‘सॅड डिमाइझ’मधल्या ‘सॅड’वर कुणी बोलेल का? हॅपी डिमाइझ असतो?

तळमजला:
@टोपीवाला_बाबू, मराठीत आपण ‘दुःखद निधन’ लिहितोच की. तिथे कोण सुखद शोधतं. हा मुद्दा बाद.

@शब्दखोर, साहस आणि राजीनामा यांचे जुने अर्थ मेले. डिमाइझचा जुना अर्थ मेलेला नाही, माझ्या टेबलावर पडलाय. एकाच आठवड्यात एकाच घरात दोन अर्थांनी आला म्हणून तर आई घाबरली. फरक आहे.

वकीलबाई_ठाणे:
हे रोजचं काम असल्यामुळे बोलते. आपल्या १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम १०५ मध्ये, भाडेपट्ट्याची व्याख्या आहे ती उपभोगाच्या हक्काचं हस्तांतरण अशी. तरीही मसुद्यांत ‘डिमाइझ’ टिकून आहे, कारण मसुदे जुन्या मसुद्यांवरून उतरतात आणि कुणी शब्द काढायला धजत नाही. इंग्लिश कायद्यात तर या एका शब्दाला वजन होतं. मालकाने ‘डिमाइझ करतो’ एवढं लिहिलं की भाडेकरूला जागेचा निर्वेध उपभोग मिळेल ही हमी त्यात आपोआप धरली जायची.

गंमत म्हणजे ‘डिमाइझ्ड प्रिमायसेस’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन घरातले. ‘प्रिमायसेस’ म्हणजे मुळात ‘वर नमूद केलेलं’. दस्तात आधी मिळकतीचं वर्णन, मग पुढे सारखं ‘सदरहू, सदरहू’. शेवटी लोक सदरहूलाच इमारत समजायला लागले!

राजीनाम्याबद्दल: आपल्याकडच्या जुन्या महसुली कागदांत ‘राजीनामा-कबुलायत’ अशी जोडी सापडते. एकाने जमीन सोडल्याचा राजीनामा, दुसऱ्याने घेतल्याची कबुलायत. म्हणजे शब्दखोर, तुमचा राजीनामाही जमिनीच्याच कागदांत वावरलेला निघाला. आणि त्या अर्थाचे कागद अजून वारसांच्या भांडणात पुढे येतात.

तळमजला, तुमच्या आईंना सांगा, त्या जागेत कुणीही गेलेलं नाही. अनामत रक्कम परत कधी मिळणार ते कलम मात्र नीट वाचा.

बंदरकाठी:
आमच्या शिपिंगमध्ये तर डिमाइझ म्हणजे रोजीरोटी. ‘डिमाइझ चार्टर’ म्हणजे नुसतं जहाज भाड्याने. कप्तान, खलाशी, इंधन, दुरुस्ती सगळं घेणाऱ्याचं. त्या मुदतीपुरता तोच जणू मालक. ‘बेअरबोट चार्टर-कम-डिमाइझ’ असेल तर हप्ते फिटल्यावर जहाज खरंच त्याच्या नावावर होतं. सासऱ्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं जहाज बुडालं.

तळमजला:
आणि हाच माझा मुद्दा! पट्ट्यातला, चार्टरमधला डिमाइझ मुदतीचा असतो. मुदत संपली की गाळा मालकाकडे, जहाज कंपनीकडे. राजाचंही तसंच. ब्लॅकस्टोनच सांगतो, चौथ्या एडवर्डला काही महिन्यांसाठी गादीवरून हुसकावलं, १४७० मधली गोष्ट, तर त्यालाही कायद्याने डिमाइझच म्हटलं. पुढच्या वर्षी हा गडी परत गादीवर. माणसाच्या मरणात कुठे आलंय ‘पुनरागमनाय च’?

सामगायक:
पुनर्जन्म मानणाऱ्यांनी काय करायचं?
असो. वर निधनाचा विषय निघालाय म्हणून. ‘धन नसलेला तो निधन’ अशी व्युत्पत्ती कुणी सांगण्याआधीच थांबवतो. निर्धन या अर्थाचा निधन शब्द संस्कृतात आहे, पण तो वेगळा. मृत्यूचा निधन बहुधा ‘नि’ आणि ‘धा’ यांतून आला, खाली ठेवणं, स्थिरावणं. आणि सामगानात शेवटच्या भागाचं नावच निधन: प्रस्ताव, उद्गीथ, प्रतिहार, उपद्रव, निधन. आधीचे भाग वेगवेगळे ऋत्विज गातात, निधन मात्र सगळे मिळून. गीतेतलं ‘स्वधर्मे निधनं श्रेयः’ वाचताना मला दर वेळी ते समूहस्वर ऐकू येतात.

तळमजला:
हे माहीत नव्हतं. सुंदर. मग खजिनदारांच्या हाताशी एवढा चांगला शब्द असताना त्यांनी भाडेपट्ट्यातला का उचलला?

लुधियाना_रिटर्न:
मी बारा वर्षं पंजाबात नोकरी केली, त्यामुळे मला हा सगळा वाद उलटा दिसतो. तिथे उर्दू-पंजाबी बोलणारे म्हातारे कुणी गेलं की ‘इंतकाल हो गया’ म्हणतात. आणि पटवाऱ्याकडे जमीन नावावर करायला जा, तिथेही ‘इंतकाल’च. आपण ज्याला फेरफार म्हणतो तो. मूळ अरबी, एका जागेवरून दुसरीकडे जाणं, हस्तांतर. आपली ‘नक्कल’ही त्याच धातूतली. म्हणजे तिथे बाप गेला की इंतकाल, मग जमिनीचा इंतकाल, आणि मग त्या इंतकालाची नक्कल काढायला रांग!

इंग्लंडच्या कोर्टाचा आणि या शब्दाचा काडीचा संबंध नाही, तरी दोघांनी तीच जोडी जमवली. आता याला चुकून चढवलेला अंगरखा म्हणणार? माणूस मेला म्हणजे घरात नेमकं काय घडलं, याचं हे अगदी रोखठोक वर्णन आहे. किल्ल्या, कर्ज, सातबारा, भांडणं, सगळं एका हातून दुसऱ्या हातात गेलं. आपल्या तलाठ्याच्या दप्तरातला ‘मयत’ही अरबीच, पण तो नुसता मेलेला. ‘इंतकाल’ आणि ‘डिमाइझ’ पुढची गोष्ट सांगतात.

शब्दखोर:
घ्या! धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद. तळमजला, आता बोला.

तळमजला:
इंतकालापुढे मान तुकवली. अर्धीच.
उरलेल्या अर्ध्यासाठी एक प्रश्न. ज्याच्या नावावर अर्धा गुंठा नाही, मागे देणं नाही, घेणं नाही, वारस नाही, त्याचं काय? आमच्या स्टेशनबाहेर बसणारा चप्पल शिवणारा म्हातारा पावसाळ्यात गेला. हवाली करण्यासारखं होतं ते लाकडी खोकं आणि आरी. ती दुसऱ्या दिवशी कुणीतरी उचलून नेली. त्याचा डिमाइझ झाला का? निधन मात्र झालं. वारला, गेला, देवाज्ञा झाली, काहीही म्हणा, ते त्याला लागू पडतं. मला शब्द असा हवा की जो खिसा तपासत नाही.

लुधियाना_रिटर्न:
खोकं उचलून नेलं ना? मग झाला की इंतकाल.
(पण प्रश्न टोचला हे कबूल.)

टोपीवाला_बाबू:
वातावरण गंभीर झालंय म्हणून: ॲडमिट, परमिट, सबमिट, कमिशन, प्रॉमिस, डिसमिस आणि डिमाइझ ही सगळी त्या एकाच लॅटिन ‘मित्तेरे’ची लेकरं. म्हणजे दवाखान्यात ॲडमिट झालेला माणूस आणि त्याचा डिमाइझ ही सख्खी भावंडं. तळमजला, बहिणीच्या दवाखान्यात पेशंट ॲडमिट करणार असाल तर भाडेपट्ट्यातून तो शब्द काढाच. पेशंट वाचतात हो हल्ली सगळं.

वकीलबाई_ठाणे:
‘लीज्ड प्रिमायसेस’ लिहा, काही अडत नाही. मी स्वतः नव्या मसुद्यात तेच लिहिते.
आणि राजेशाहीत हा शब्द अजून जिवंत आहे बरं. पूर्वी राजा गेला की संसद विसर्जित, नेमणुका रद्द, इतका गोंधळ होता की तो आवरायला वेळोवेळी कायदे करावे लागले. १९०१ सालच्या कायद्याचं तर नावच ‘डिमाइझ ऑफ द क्राउन ॲक्ट’: राजा गेला म्हणून सरकारी नोकराची नेमणूक जाणार नाही. ८ सप्टेंबर २०२२ ला एलिझाबेथ राणी गेल्या तेव्हा तिथल्या ज्येष्ठ वकिलांची पदवी क्वीन्स काउन्सेलची किंग्ज काउन्सेल झाली, आपोआप. राणीसाठी तिथे हाच शब्द नेमका. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांसाठी मीही वापरणार नाही. पण वापरणाऱ्याला अडाणीही म्हणणार नाही. शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत.

शब्दखोर:
वकीलबाईंनी मांडवली केली. माझा विरोध कायम, नोंद घ्यावी.

तळमजला:
ताजी बातमी. काल खजिनदारांना भेटलो. भांडायला नाही, चहाला. ते म्हणाले, जुन्या सेक्रेटरींच्या फाइलमध्ये नमुना होता, त्यात फक्त नाव आणि तारीख बदलतो. (वकीलबाई, तुमच्या मसुद्यांची आठवण झाली.) आज सकाळी फलकावर मराठी सूचना दिसली, ‘निधन’ लिहिलेली. तिच्या शेजारीच, त्याच टाचणीने अर्धवट धरलेला, दुसरा कागद: काकांच्या सदनिकेचं शेअर सर्टिफिकेट काकूंच्या नावे करण्याबाबत कुणाची हरकत असल्यास कळवावे.

लुधियाना_रिटर्न:
आता या दुसऱ्या कागदाला काय म्हणणार?

तळमजला:
त्यावर बिनधास्त डिमाइझ लिहा. सही मी करतो.